उत्तर: घोड्यांसाठी मॅग्नेटिक झूल आणि मालिश

रपेट संपली की घाम असतानाच घोड्याच्या पाठीवर मॅग्नेटिक झूल (चुंबक शिवलेलं कापड) चढवा, असा सल्ला या चर्चेत आधी कुणी दिलाय; ते ग्वाल्हेरच्या मे महिन्यात तरी करू नका. आधी पाणी मारा, निथळवा, चालवा. गुदद्वारातलं तापमान १०१ फॅरनहाइटच्या आसपास आलं आणि श्वास संथ झाला की मग झूल. कापडाखाली उष्णता कोंडते, तिचा चुंबकाशी काही संबंध नाही. बाकी नुसते चुंबक शिवलेली झूल आणि कॉइलमधून चुंबकीय स्पंद सोडणारं यंत्र या दोन वेगळ्या गोष्टी. पहिलीवर पैसे घालवू नयेत असं माझं मत. दुसऱ्याचेही पुरावे मर्यादितच आहेत.

चर्चेत एक मुद्दा राहिलाय. सुट्टीनंतर एकदम काम दिल्यावर घोडा पुठ्ठ्यात (मागच्या मांड्यांच्या वरच्या भागात) ताठरला, घामाघूम होऊन पाऊल उचलेना आणि लघवी कॉफीसारखी गडद झाली, तर तो साधा थकवा नाही. स्नायूंच्या पेशी फुटून त्यातलं रंगद्रव्य मूत्रपिंडात उतरतं. अशा वेळी मालिश नाही, यंत्र नाही, फिरवणंही नाही. जागीच उभा ठेवा, पाणी पुढे ठेवा, दाणा बंद करा, डॉक्टरांना बोलवा. मोतद्दार (घोड्याची निगा राखणारा) हमखास "चालवून मोकळा करतो" म्हणतो, त्याला थांबवा.