मदत हवी आहे: पाचवी झालेल्या मुलाला उन्हाळी वर्ग लावावा का?

नमस्कार मंडळी, मुलगा पाचवी पास झाला. जूनच्या पुनर्परीक्षेची वेळ आली नाही, पण अपूर्णांकांत सगळा आनंदच! १/२ आणि १/३ ची बेरीज बिनधास्त २/५ लिहितो.

इथे नाशिकमध्ये गंगापूर रोड, इंदिरानगरला चौकशी केली, तर जो तो "सहावीचं अर्धं पुस्तक मे महिन्यातच उरकू" म्हणतो. अहो, मागचं कच्चं राहिलेलं पक्कं करायलाच उन्हाळी वर्ग ना? पुढचं आधीच शिकवलं तर जूनमध्ये पोरगं वर्गात जांभया देणार.

सिडको किंवा कॉलेज रोडला सकाळी, ऊन तापायच्या आत, मोजक्याच मुलांना घेऊन गणिताचा पाया करून घेणारं कुणी माहीत आहे का? मराठी माध्यम आहे. फी किती, तेही सांगा. की सरळ घरीच बसवून घेऊ?