मदत हवी आहे: घरात अकरा माणसं, दार दिवसभर सताड उघडं. कुठलं लॉक बसवू?

पूर्वभागकर
जरा लवकर सांगा, रविवारी मिस्त्री येतोय. आमच्या गल्लीत परवा भरदुपारी चोरी झाली. बाई मागं धुणं धूत होती, पुढचं दार उघडं, कपाटातलं गंठण गेलं. कडीकोयंडा तोडायचीसुद्धा गरज पडली नाही. आमच्याकडं अकरा माणसं, आज्जीपासून तीन वर्षांच्या पुतणीपर्यंत. प्रत्येकाला वाटतं, दुसरं कोणीतरी आहे की दाराजवळ. किल्ली चपलांच्या रॅकमागं असते, हे दूधवाल्यालाही माहीत आहे. दिवेलागणीला दार लावलं तर लक्ष्मी माघारी जाते म्हणून आज्जी लावू देत नाही. मला बोटाच्या ठशावर उघडणारं डिजिटल लॉक हवंय, दहा-बारा हजारांपर्यंत. कुठलं घेऊ? घरच्यांना समजावून सांगा असं कृपया लिहू नका, ते करून झालंय.

सुतारनेट
दार एक फळीचं की दोन? जाडी किती? चौकट लाकडी आहे की लोखंडी?

होटगीरोड_७
लॉकबिक काही नको. कॅमेरा लावा. मी मोबाइलवर ऑफिसातून दार बघतो.

माळवद
बघून काय करता? चोर गेल्यावर व्हिडिओ पोलिसांना द्यायचा, एवढंच ना? लाइट गेली की वायफाय बंद, मग तुमचा कॅमेराही आंधळा.

होटगीरोड_७
राउटर इन्व्हर्टरवर आहे माझा. कॅमेऱ्यात मेमरी कार्ड आहे. माहिती नसताना बोलू नका.

पूर्वभागकर
भांडू नका ओ. दार जुनं सागवानी, दोन फळ्यांचं, वर कडी. त्यानं काय फरक पडतो?

सुतारनेट
सगळाच फरक पडतो. या लॉकचा खटका चौकटीत बसला पाहिजे. तुमच्यात तो दुसऱ्या फळीत जाणार. ती फळी वर-खाली बोल्टानं पक्की नसेल तर खांद्याच्या एका धक्क्यात दोन्ही फळ्या उघडतात. लॉक शाबूत, दार उघडं.

विडीघरकरीण
आज्जींनी विड्या वळल्यात का? माझ्या सासूबाईंनी जन्मभर वळल्या. रेशनच्या मशीनवर त्यांचा अंगठा उठत नाही, पुसून पुन्हा ठेवायचा, तरी नाही. घरचं लॉक तरी कसं ओळखणार? भर उन्हात म्हातारं माणूस दाराबाहेर उभं राहील. नंबर दाबून उघडणारं तरी घ्या.

पूर्वभागकर
हो, आज्जीनं वळल्यात. हे डोक्यातच आलं नव्हतं.

सातरस्ता
दागिने बँकेत ठेवा, विषय संपला. रिझर्व्ह बँकेचा नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर झाली तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपट. भाडं दोन हजार असेल तर दोन लाख. तेवढ्यापुरतीच हमी, हेही लक्षात ठेवा.

माळवद
त्यांनी दाराचं विचारलंय. जाळीचं लोखंडी सेफ्टी डोअर लावा. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात दार बंद करून कोण बसेल? वारा येतो, आज्जी आतूनच कोण आलंय ते बघतात, दार उघडं ठेवल्याचं समाधानही मिळतं. आमच्याकडं तेव्हापासून वाद मिटला.

जुळेसोलापूरकर
खरा धोका पाणी सुटतं तेव्हा असतो. चार-पाच दिवसांनी नळ येतो, तोही रात्री-अपरात्री. सगळं घर मोटर, पाइप, बॅरल करत बाहेर, आणि दार उघडं.

होटगीरोड_७
पाण्याचा वेगळा धागा काढा.

विजापूरवेस
एक कळकळीची विनंती. काहीही बसवा, पण रात्री आतून किल्लीनं लागणारं कुलूप नको. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागून आठ जण गेले, त्यात आवारातच राहणारं कुटुंब होतं. घरात म्हातारी माणसं आणि लेकरं असताना किल्ली शोधत बसायची वेळ येऊ नये. आतून हातानं फिरवून उघडणारंच घ्या.

सुतारनेट
बरोबर. पूर्वभागकर, अजून एक. दिवसभरात त्या दारातून बाहेरची माणसं किती येतात?

पूर्वभागकर
खाली आमचे माग आहेत, दोन पाळ्या चालतात. कामगार त्याच दारातून येतात. आम्ही वर राहतो, जिना आतूनच आहे.

माळवद
अहो, हे पहिल्या ओळीत लिहायला पाहिजे होतं की!

सुतारनेट
मग मुख्य दाराला हात लावू नका. कामगारांचं येणं-जाणं तुम्ही थांबवू शकत नाही, थांबवायचं कारणही नाही. जिन्याच्या वरच्या तोंडाला एक फळीचं नवीन दार बसवा, त्याला जाळी आणि नंबरचं लॉक. आज्जींचं खालचं दार उघडंच राहील. आतून मुठीनं उघडणारं, बॅटरी संपली तर किल्लीनंही उघडणारं बघून घ्या. किल्ली मात्र रॅकमागं नको.

विडीघरकरीण
हे पटलं. पण दार पायऱ्यांकडं उघडू देऊ नका. चढून आलेल्या माणसाला तेच ढकलून देईल.

पूर्वभागकर
जिन्याच्या वर सपाट जागा अडीच फूटच आहे, पुढं लगेच आज्जीची खोली. आतल्या बाजूला उघडणारं दार बसेल का तेवढ्यात? मिस्त्रीला आज संध्याकाळपर्यंत माप द्यायचंय.