नवा मॉनिटर लावला की सेटिंगला हात लावायचा की नाही?

पिक्सेलपंत
काल कुणीतरी लिहिलं, "नवा मॉनिटर लावा आणि विसरून जा. कंपनी सेटिंग करूनच पाठवते, उगाच खेळत बसू नका." वाचून डोकं फिरलं. अहो, कंपनीचं सेटिंग असतं ते दुकानाच्या झगझगाटात मॉनिटर उठून दिसावा म्हणून! ब्राइटनेस पार वर, नाहीतर 'व्हिव्हिड' मोड. रात्री खोलीत बसून आठ तास त्या उजेडाकडे बघणं हा डोळ्यांचा छळ आहे. मी पडद्याशेजारी पांढरा कागद धरतो आणि पडद्यावरचं कोरं पान कागदाइतकंच उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवतो.

शिवाय १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा मॉनिटर घेऊन तो ६० वरच चालवणारे कितीतरी जण मी पाहिलेत. हा रिफ्रेश रेट आपणच सेटिंगमध्ये जाऊन बदलावा लागतो. आणि एचडीएमआयवर काळा रंग राखाडी दिसत असेल, तर ग्राफिक्स कार्ड ० (पूर्ण काळा) ते २५५ (पूर्ण पांढरा) ऐवजी १६ ते २३५ एवढ्याच छटा पाठवतंय का, ते आधी तपासा.

रातपाळी
तो 'कुणीतरी' मीच. माझा जुना मॉनिटर दहा वर्षं चालला. नवा लावला तर सगळं निळसर. दोन दिवस लाल-हिरवा-निळा फिरवत बसलो, चेहरे कावीळ झाल्यासारखे दिसायला लागले. शेवटी फॅक्टरी रीसेट केलं आणि आठवड्याभरात नजर सरावली. म्हणून लिहिलं.

पिक्सेलपंत
जुन्या मॉनिटरमागे ट्यूबचा उजेड असायचा, तो वर्षानुवर्षं पिवळा आणि मंद होत जातो. तुमची नजर त्या पिवळ्याला सरावली होती. रंगांपुरतं तुमचं बरोबर. ब्राइटनेसचं नाही.

निवृत्त_हिशेबनीस
माझा प्रश्न वेगळा. १९ इंची चौकोनी मॉनिटर गेला, मुलाने २७ इंची फोरके, म्हणजे ३८४०×२१६० ठिपक्यांचा आणला. अक्षरं मुंगीएवढी! मी रिझोल्युशन (आडव्या-उभ्या ठिपक्यांची संख्या) १९२०×१०८० केलं. आता छान वाचता येतं, पण मुलगा म्हणतो चूक आहे.

अर्धविराम
चूकच आहे! रिझोल्युशन ३८४०×२१६० वरच ठेवायचं आणि स्केलिंग, म्हणजे अक्षरं-चित्रं मोठी करून दाखवणं, १५० टक्के करायचं. किती वेळा सांगायचं लोकांना? पडद्यावरचे ठिपके मोजून बसवलेले असतात. रिझोल्युशन उतरवलं की अक्षरांच्या कडा फुगतात.

निवृत्त_हिशेबनीस
करून पाहिलं होतं. माझं हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर स्केलिंगमध्ये धुरकट होतं. इंग्रजी आकड्यांतले तीन आणि आठ वेगळे कळेनात. एक नोंद चुकली आणि ताळेबंद जुळवायला माझी अख्खी रात्र गेली.

अर्धविराम
मग सॉफ्टवेअर बदला. इतकं जुनं वापरायचं आणि दोष स्केलिंगला द्यायचा?

निवृत्त_हिशेबनीस
वीस वर्षांच्या नोंदी आहेत त्यात. चाळीस वर्षं हिशेब लिहिलेत मी, ते टाकून द्यायला सांगणं तुम्हाला सोपं आहे. मला अक्षर वाचायचंय, ठिपके मोजायचे नाहीत.

रातपाळी
अर्धविराम, वडीलधाऱ्या माणसाशी जरा नीट बोला.

पिक्सेलपंत
थांबा दोघे. हिशेबनीस, विंडोजमध्ये त्या सॉफ्टवेअरच्या आयकॉनवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज, मग कम्पॅटिबिलिटी, मग 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज'. तळाच्या ओव्हरराइडला टिक करून 'सिस्टिम एन्हान्स्ड' निवडा. आणि अर्धविराम, २१६० म्हणजे १०८० ची बरोबर दुप्पट. एका ठिपक्याच्या जागी चार येतात, त्यामुळे त्यांना फारसं धूसर दिसत नसणार. हेच २५६०×१४४० च्या मॉनिटरवर केलं असतं तर पट १.३३ चा आला असता आणि अक्षरं खरंच बिघडली असती.

अर्धविराम
दुपटीचं गणित मान्य. तरी चारातले तीन ठिपके वाया घालवायला फोरके कशाला घ्यायचा, हा माझा मुद्दा राहतोच. बोलण्याबद्दल माफ करा काका, पण रिझोल्युशनबद्दल मी मागे हटणार नाही.

निवृत्त_हिशेबनीस
'एन्हान्स्ड' केलं. आकडे स्वच्छ दिसतात, बटणांवरची चित्रं अजून धूसर आहेत. तेवढं चालेल. स्केलिंग १५० वर ठेवलं. सॉफ्टवेअर बदलणार नाही.

रातपाळी
कागद धरून ब्राइटनेस ३५ वर आणला. नंतर रिफ्रेश रेट बघितला. मॉनिटर १४४ चा, चालत होता ६० वर, आणि हे आठ महिने मला कळलं नाही. बदलला. रंगांना मात्र हात लावणार नाही.