रेडे वजनावर विकायचेत, काटा नाही

प्रश्न (सांगोला)
रामराम मंडळी. दावणीला दोन पंढरपुरी रेडे आहेत, दीड वर्षाचे, घरच्याच म्हशींचे. आमच्याकडे बरेच जण रेडकाचं दूध तोडतात आणि ते झुरून मरतं. मला ते बघवत नाही, म्हणून जगवले. आता व्यापारी पाठीवर थाप मारतो, रुमालाखाली बोटं दाबतो आणि नजरेनंच भाव करतो. वजन कसं काढू? पेंडही परवडेना, नुसत्या कडब्यावर अंग धरत नाहीत.

उत्तर १
दादा, शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्यापासून शेपटीजवळच्या बैठकीच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660. घेर 58, लांबी 48 आली तर साधारण 245 किलो. सकाळी चाऱ्याआधी मोजा. अंदाजच आहे हा. भुईकाटा जवळ असेल तर टेम्पो भरून आणि रिकामा तोलून घ्या.

उत्तर २
भाऊ, आधी जंताचं औषध द्या, नाहीतर खाल्लेलं जंतच खातात. मग 100 किलो कडबाकुट्टीला 4 किलो युरिया 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडा, दाबून 21 दिवस हवाबंद ठेवा. उघडल्यावर वास उडू द्या, थोडं थोडं सुरू करा. युरियाचं पाणी जनावराच्या तोंडी लागता कामा नये, जीव जातो! सहा महिन्यांखालच्या रेडकांना हा चारा अजिबात नको.

प्रश्नकर्ता
ताई, जंताचं औषध दिलेलंच नाही. उद्याच डॉक्टरांना बोलावतो. लाळ्या-खुरकुताची लसही तेव्हाच द्यावी का?