रात्री जेमतेम पाऊण तास मिळतो, पीएस५ (प्लेस्टेशन ५) वर काय खेळू?

बोरिवलीकर: ऑफिस चर्चगेटला, घरी येऊन जेवून पोरगं झोपेपर्यंत साडेदहा, मग जेमतेम पाऊण तास. रेड डेड रिडेम्प्शन २ लावतो, घोड्यावरून मिशनच्या जागी पोचेपर्यंत डोळे मिटायला लागतात. शाळेत असताना टीव्ही गेमवर एवढ्यात कॉन्ट्रा संपायचा आणि भारी वाटायचं राव. आता गेम्सच तशा की माझं वय झालं? माळ्यावरचा जुना पीएस२ काढू का निन्टेन्डोचा हातात धरून खेळायचा स्विच घेऊ?

कार्ट्रिजवाला: वय नाही रे. कॉन्ट्रा आठच लेव्हलचा, सेव्ह नाहीच, येत असेल तर अर्ध्या तासात खल्लास (तेही तीस लाइफचा कोड मारून, खरं सांग). एकतर संपवून उठायचं नाहीतर सगळ्या लाइफ गेल्यावर, मधेच सोडल्याची चुटपुट नाही.

दादरचा_बाबू: पीएस२ अजिबात काढू नकोस, तुला तो सगळ्यात जास्त छळेल. जीटीए सॅन अँड्रियासमध्ये मिशन झालं तरी सेफहाउसला (गेममधल्या आपल्या घरी) जाऊनच सेव्ह, तोवर आई जेवायला हाका मारत बसायची. त्याआधी पीएस१ वर रेसिडेंट ईव्हिलला सेव्ह करायला टाइपरायटर शोधा, वर इंक रिबनही मोजकीच. मेमरी कार्ड आलं पण सेव्ह हवं तिथे नाही, म्हणून तेव्हा बसलं की दोन-तीन तास जायचेच. आता पीएस५ रेस्ट मोडला (बंद न करता झोपवून) टाकला की उद्या तिथूनच सुरू, म्हणजे कन्सोल तुझ्याच बाजूने आहे, गेम चुकीची लावलीस. रेड डेड २०१८ ची, मुद्दाम संथ बनवलीय, ती रविवारी दुपारी. रोज रात्री हेडिस, एक रन (सुरुवातीपासूनचा एक डाव) साधारण अर्ध्या तासाचा, मेलास तरी काहीतरी कमावून उठतोस.

निशाचर: +१, फक्त "अजून एकच रन" करत दीड वाजतो हे पण सांग त्याला. त्यापेक्षा अॅस्ट्रोज प्लेरूम, पीएस५ मध्ये फुकट आलेलीच असते.

कार्ट्रिजवाला: स्विच वाईट नाही. बटण दाबलं की झोपतो, चर्चगेटहून बोरिवली स्लो लोकलला खिडकी मिळाली तर तासभर तुझाच. विरार फास्टमध्ये मात्र खिशातून मोबाइल निघत नाही, स्विच कुठला काढतोस. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात घेतलास तर वॉरंटी कोण देणार ते आधी विचार.

बोरिवलीकर: हेडिस डाउनलोडला लावली, अॅस्ट्रो पोरासाठी ठेवतो. कोणाकडे वापरलेला स्विच लाइट असेल तर पार्ले ते बोरिवली कुठेही येऊन बघतो, स्टिक (अंगठ्याने फिरवायची दांडी) आपोआप सरकणारा नको.