जंतूंची चित्रं आणि हळदीचे हात

हात धुण्याबद्दलच्या मुलांच्या पुस्तकातले शिंगं-सुळेवाले हिरवे जंतू बघून मुलगी कशालाही हात लावायला घाबरते, असं वर एका आईने लिहिलंय. त्यात थोडी भर घालते.

राक्षस ३-४ वर्षांच्या मुलाला पटकन कळतो हे खरं. पण तेच मूल स्वतःचा तळवा बघून म्हणतं, "कुठेय? नाहीच्चे!" अशा वेळी पुस्तकाचं ते पान उघडं ठेवायचं आणि मुलाच्या हाताला थेंबभर तेल व चिमूटभर हळद चोळायची, हळद म्हणजे जंतू असं समजायचं. नुसत्या पाण्याखाली तळवा जरा फिका होतो, पण नखांच्या कडा, अंगठ्याचं मूळ, बोटांच्या बेचक्या पिवळ्याधमक राहतात. साबणाने २० सेकंद चोळलं की तेल सुटतं. वडीचा साबण असेल तर हळद लालसर होते, त्यावर पोरं जाम खूश! थोडा पिवळेपणा उरतोच, उरू दे.

पाण्यावर मिरपूड भुरभुरून साबणाचं बोट बुडवायचा प्रयोग मात्र मला फारसा पटत नाही. मिरपूड पळते ती पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे वरच्या थराचा ताण, कमी झाल्यामुळे. जंतू साबणाला घाबरून पळत नाहीत, चोळल्याने सुटून पाण्याबरोबर वाहून जातात. जरा मोठी मुलं नेमकं हेच विचारतात, "जंतू खरंच असे पळतात का?"

पुस्तकात चांगल्या जंतूंचं एखादं पान आहे का, तेही बघा. नसेल तर विरजण लावताना मुलीला ओट्याशी उभी करा. दही लावणारे जीवाणूच, हे कळलं की भीती बरीच उतरते.

आणि बेसिन उंच असेल तर आधी स्टूल घ्या, पुस्तक नंतर.