लिनक्स टाकल्यावर स्क्रीन काळी: ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून घ्यावा का?

डिचोलीकर
विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले. आमच्या वाचनालयातले तीन पीसी इंटेलच्या चौथ्या पिढीच्या प्रोसेसरचे आणि विंडोज ११ ला किमान आठवी पिढी लागते. म्हणून लिनक्स मिंट २२ टाकली. दोन पीसी लगेच चालले. तिसऱ्यात एनव्हीडियाचं जीटी ७३० ग्राफिक्स कार्ड आहे. त्यात लोगो दिसला आणि स्क्रीन काळी. ग्रबमध्ये (पीसी सुरू होतानाचा मेनू) 'नोमोडसेट' हा साध्या डिस्प्लेचा पर्याय लिहून कसाबसा आत शिरलो, तर रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८. मग एकाने सांगितलं म्हणून एनव्हीडियाच्या साइटवरून ड्रायव्हरची (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) रन फाइल, म्हणजे हाताने चालवायचा इन्स्टॉलर, उतरवून टर्मिनलमधून बसवली. चार आठवडे सगळं छान. कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट झाला आणि पुन्हा काळोख! जत्रेतल्या नाटकाची कार्यक्रमपत्रिका त्याच पीसीत अडकली, आणि छापखाना रोज फोन करतोय.

माझं स्पष्ट मत: साध्या वापरकर्त्याने रन फाइलच्या वाटेला जाऊ नये. मिंटमधला ड्रायव्हर मॅनेजर दाखवेल तोच ड्रायव्हर घ्यावा, नाहीतर लिनक्ससोबतच येणाऱ्या नूव्हो या मुक्त ड्रायव्हरवर राहावं. रिपॉझिटरीतला (मिंटच्या अधिकृत साठ्यातला) ड्रायव्हर कर्नलबरोबर अपडेट होत राहतो. हाताने बसवलेला मागेच राहतो.

पेडण्याचा एडिटर
साफ असहमत. मी दशावतारी नाटकांचं शूटिंग एडिट करतो, डाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरवर. एनव्हीडियाच्या कार्डावर त्याला कूडा (कार्डाकडून जड गणितं करून घेणारी एनव्हीडियाची सोय) लागतं आणि नूव्होत कूडा नाही. 'नूव्होवर राहा' म्हणजे मी धंदा बंद करायचा का? शिवाय रन फाइलचा इन्स्टॉलरही डीकेएमएसला (कर्नल बदलला की ड्रायव्हर नव्याने बांधणारी सोय) नोंद करायची का, हे विचारतो. 'हो' म्हटलं आणि डीकेएमएस मशीनवर असेल, तर नव्या कर्नलसाठी ड्रायव्हरचं मॉड्यूल आपोआप तयार होतं. तिथे काय निवडलं होतंत, भाऊ?

डिचोलीकर
आठवत नाही, खरंच. आणि माझा मुद्दा तोच आहे: वाचनालयात बसणाऱ्या माणसाला तो प्रश्न कळायचाच नाही.

फोंड्याच्या बाई
शाळेच्या लॅबमध्ये यातून गेले आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. तुम्ही दोघे वाद घालताय, पण कार्ड नक्की कोणतं ते कोणीच विचारलं नाही. जीटी ७३० याच नावाने दोन वेगळ्या चिप विकल्या गेल्या: काही फर्मी या जुन्या पिढीच्या, काही केप्लर या त्यानंतरच्या. टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय' हा हार्डवेअरची यादी देणारा आदेश चालवा. जीएफ१०८ आलं तर फर्मी, त्याला एनव्हीडियाच्या ड्रायव्हरची ३९० ची शाखा लागते आणि तिचा आधार २०२२ च्या अखेरीस संपला. नव्या कर्नलवर ती बसवायचा हट्ट नको, तिथे नूव्होच. जीके२०८ आलं तर केप्लर, त्याला ४७०. त्याहून नवी शाखा हे कार्ड ओळखतच नाही.

दुसरं, सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेलं सॉफ्टवेअर बूटच्या वेळी अडवणारी सोय. चालू असेल तर ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठेवायला सांगतात, आणि पुढच्या बूटला निळी स्क्रीन येते. तिथे 'एनरोल एमओके' (सहीची किल्ली नोंदवा) निवडून तोच पासवर्ड द्यायचा. आमच्या मुलांनी घाईत 'कंटिन्यू बूट' दाबलं, ड्रायव्हर लोडच झाला नाही, आणि दोष कार्डाला मिळाला.

वाळपयकार
कार्डच काढा ना! चौथ्या पिढीच्या बहुतेक प्रोसेसरमध्ये इंटेलचं ग्राफिक्स असतं आणि त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. पत्रिका टाइप करायला एनव्हीडिया कशाला? आणखी एक: आमच्याकडे पावसात वीज केव्हाही जाते, म्हणून यूपीएस नसेल तर कर्नल अपडेट लावूच नका. अर्धवट राहिलेला अपडेट निस्तरताना सबंध दुपार गेली होती माझी.

डिचोलीकर
बाई, जीके२०८ निघालं. वाळपयकार, तुमचं ऐकून आज कार्ड काढलं, रन फाइलचा ड्रायव्हर अनइन्स्टॉल केला आणि केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावली. १९२० बाय १०८० आपोआप आलं! पत्रिका छापायला गेली. पण माझं मत तेच, रन फाइल नको.

पेडण्याचा एडिटर
पत्रिका गेली, बरं वाटलं. पण कार्ड काढणं हा सगळ्यांचा उपाय नव्हे. माझा प्रोसेसर 'एफ' अक्षराचा, त्यात ग्राफिक्सच नाही. कार्ड काढलं तर स्क्रीनवर काहीच दिसणार नाही. एवढं मात्र मान्य करतो की माझ्या जीटीएक्स १६५० कार्डाला लागणारा ड्रायव्हर त्या ड्रायव्हर मॅनेजरमध्येही मिळतो आणि कूडा त्यावरही चालतं. पुढच्या फॉरमॅटला तिथूनच घेऊन बघेन.